पहिल्या सेमिस्टरचा पंचनामा कसा करायचा

पंचनामा जागच्या जागी करतात, सामान हलवल्यावर नाही. सेमिस्टरचंही तसंच. शेवटचा पेपर झाला की दोन दिवस पोटभर झोपा. मग आठवडा उलटायच्या आत, निकाल लागण्याआधी, तीन तासांची एक बैठक मारा. निकालासाठी थांबलात तर सगळंच बिघडतं. मार्क कळले की मागचे चार-पाच महिने त्याच रंगात दिसायला लागतात. चांगले पडले तर ‘अभ्यास व्यवस्थितच चालला होता’, कमी पडले तर ‘हे होणारच होतं’. शेवट कळल्यावर तो आधीपासूनच माहीत होता असं वाटण्याची ही खोड बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली प्रयोगांतून दाखवून दिली. तिच्यापासून हुशार पोरंही सुटत नाहीत.

म्हणून पहिलं काम दहा मिनिटांचं. एका कागदावर प्रत्येक विषयाचं नाव, अपेक्षित ग्रेड, आणि ती का वाटते त्याचं एक वाक्य. कागदाची घडी घालून बाजूला ठेवा. त्याची गरज निकालाच्या दिवशी लागेल.

आता पुरावे गोळा करायचे. इंटर्नलचे तपासलेले पेपर, वह्या, असाइनमेंट, अटेंडन्सचा तक्ता, सेमिस्टरचं कॅलेंडर, वर्गाच्या ग्रुपवरचे मेसेज. फोनचा स्क्रीन टाइम आधी टिपून घ्या, कारण बहुतेक फोन मोजक्याच आठवड्यांचे आकडे दाखवतात. असाइनमेंट ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये लिहिली असेल तर तिची व्हर्जन हिस्टरी उघडा. पहिली ओळ कधी लिहिली आणि शेवटचा बदल कधी केला, दोन्ही वेळा तिथे असतात. कॉम्प्युटरवरच्या साध्या फाइलच्या तारखेवर मात्र विसंबू नका, फाइल कॉपी केली की ती बदलू शकते.

एक ए-फोर कागद आडवा धरा. वरच्या बाजूला आठवडे: 1, 2, 3 असे परीक्षेपर्यंत. डावीकडे खाली विषय, मग सबमिशन, परीक्षा, बुडालेली लेक्चर्स, झोप, घरची किंवा तब्येतीची अडचण. चौकटी आठवणीतून भरायच्या नाहीत, समोरच्या कागदांतून भरायच्या. आठवण शेवटच्या तीन आठवड्यांना भारी वजन देते आणि खरी गडबड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. उदाहरणार्थ, वहीत सहाव्या आठवड्यापर्यंत तारीख घालून, आकृत्यांसह नोट्स आहेत. सातव्यात इंटर्नल. आठव्यापासून पानं कोरी, मधेच मित्राच्या वहीचे फोटो. त्या विषयात ‘युनिट चार अवघड गेलं’ असं वाटत असतं. कागद सांगतो की युनिट चार वर्गात बसून ऐकलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ इंटर्नलच्या पेपरांना द्या, कमीत कमी एक तास. एकूण किती पडले ते बघायचं नाही, गेलेला एकेक मार्क का गेला ते बघायचं. प्रत्येक कापलेल्या मार्काशेजारी चारपैकी एक अक्षर लिहा. ‘न’ म्हणजे वाचलंच नव्हतं. ‘वि’ म्हणजे वाचलं होतं, ऐनवेळी आठवलं नाही. ‘मां’ म्हणजे येत होतं, पण मांडता आलं नाही किंवा वेळ पुरला नाही. ‘घा’ म्हणजे घाई: एकक विसरलं, चिन्ह चुकलं, प्रश्नात दोन उदाहरणं मागितली होती आणि एकच लिहिलं.

समजा 30 पैकी 17 पडले. गेलेल्या 13 ची फोड अशी निघाली: न 2, वि 6, मां 4, घा 1. या पोराला कुणीही ‘अभ्यास वाढव’ म्हणून सांगेल आणि तो सल्ला इथे जवळपास वाया जाईल. न वाचल्यामुळे दोनच मार्क गेलेत. सहा गेलेत ते वाचूनसुद्धा, म्हणजे दोष वाचण्याच्या पद्धतीत आहे. पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं होतं, आणि ती ओळख आपण ‘येतंय’ म्हणून खपवतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग नेमका यावरच आहे. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तेव्हा ‘वि’ जास्त निघाले तर उपाय एकच: धडा संपला की कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं, दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. ‘मां’ जास्त असतील तर घड्याळ लावून जुने पेपर सोडवायचे. ‘घा’ साठी शेवटची पाच मिनिटं राखून प्रश्न पुन्हा वाचायचा. ‘न’ जास्त असतील तर उत्तर वरच्या तक्त्यात शोधा, पेपरात नाही.

कुठल्या विषयाकडे आधी वळायचं हे क्रेडिटवरून, म्हणजे निकालात त्या विषयाला असलेल्या वजनावरून ठरवा, रागावरून नाही. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, हा सरासरीचा हिशेब. एकूण क्रेडिट 20 असतील तर चार क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड पॉइंट वाढला की सरासरी 0.20 ने वाढते, एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये 0.05 ने. तरीही प्रॅक्टिकल सोडू नका. जर्नल वेळेवर पूर्ण करण्यात फार तास जात नाहीत, आणि पहिल्या सेमिस्टरला बहुतेकांचे तिथले मार्क निव्वळ आळसाने जातात.

वेळेचा हिशेब इथे चुकतो: लोक आठवड्याचे 168 तास मांडून ‘मी रोज चार तास अभ्यास करीन’ असं पुढचं टाइमटेबल बनवायला बसतात. आधी मागचं मोजा. तीन असाइनमेंट निवडा. रात्री नऊला बसलात तेव्हा बारापर्यंत होईल असं वाटलं होतं, म्हणजे अंदाज तीन तासांचा. लागले पाच. दुसरीला दोनचे चार, तिसरीला सहाचे नऊ. अंदाज 11 तास, प्रत्यक्ष 18, म्हणजे तुमचा गुणक साधारण 1.6. काम किती वेळात होईल याचा अंदाज आपण कमीच धरतो, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं आहे. ती सवय मोडायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या सेमिस्टरला प्रत्येक अंदाजाला या गुणकाने गुणा आणि तितके तास आधी बसा.

कागदावर न उमटलेल्या गोष्टींसाठी तीन प्रश्न पुरेत. प्रत्येक विषयात शंका विचारायला निदान एक माणूस आहे का, नाव लिहा. नावानिशी ओळखणारा एक तरी शिक्षक आहे का? आणि जेवण किंवा झोप सलग किती दिवस बिघडली होती? तिसऱ्याचं उत्तर दोन आठवडे किंवा त्याहून जास्त असेल, किंवा कशातच मन लागत नसेल, तर पंचनामा थांबवा आणि समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. ते काम तक्त्याने होत नाही.

कॉलेजने या सगळ्यावर निबंध मागितला असेल तर बहुधा ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञांची 1988 ची सहा पायऱ्यांची चौकट अपेक्षित असते: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट, असं का, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार. 500 शब्दांत पहिल्या पायरीला 80 च्या वर देऊ नका. ‘असं का’ला 150 तरी द्या. बहुतेक निबंध उलटे असतात, अर्धा निबंध फ्रेशर्स पार्टी आणि पहिल्या दिवसाच्या धाकधुकीतच संपतो.

शेवटी निर्णय, जास्तीत जास्त दोन. ‘टाइम मॅनेजमेंट सुधारायचं’ हा निर्णय नव्हे, ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. तेच असं लिहा: ‘बुधवारी शेवटचं लेक्चर सुटलं की घरी न जाता लायब्ररीत बसून त्या आठवड्याच्या गणिताच्या नोट्स न बघता लिहीन, 40 मिनिटं.’ वार, जागा, काम आणि मिनिटं, चारही हवेत. कागद नव्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा आणि चौथ्या आठवड्यात तपासणीचा वीस मिनिटांचा रिमाइंडर लावा. चारपैकी दोन बुधवार हुकले असतील तर स्वतःला बोल लावत बसू नका, वार बदला.

निकाल लागला की मार्कांच्या आधी रिव्हॅल्युएशन, उत्तरपत्रिकेची प्रत आणि बॅकलॉगचा फॉर्म यांच्या शेवटच्या तारखा टिपून घ्या. या मुदती आखूड असतात, रडारडीत निघून जातात. मग घडी घातलेला तो कागद उघडा. अंदाज आणि निकाल यांत दोन किंवा जास्त ग्रेडचा फरक असलेल्या विषयांवर गोल करा. अंदाज वरचा होता तिथे अक्षर बहुधा ‘वि’ निघतं. अंदाज खालचा होता तिथे तुम्ही नक्की काय केलं होतं ते वहीत शोधा, आणि तीच पद्धत गोल केलेल्या दुसऱ्या विषयाला लावून बघा.