घरच्या पार्थिव गणपतीची पूजा अर्थ समजून कशी करावी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण घरी ज्या गणपतीची पूजा करतो, तो पार्थिव गणपती होय. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. हा एक शब्द नीट कळला की पूजेतील बहुतेक कृतींचा अर्थ आपोआप उलगडतो, म्हणून मूर्ती निवडतानाच तो ध्यानात ठेवावा आणि शाडूचीच मूर्ती घ्यावी. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही आणि त्यामुळे विधीचा शेवटचा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, भाग अपुरा राहतो.

गणपतीचा जन्म मध्यान्ही झाला असे मानतात, त्यामुळे पूजा शक्यतो त्या वेळेत करावी. पाटावर अक्षता पसरून त्यांवर मूर्ती ठेवावी आणि आचमन व संकल्प करून प्राणप्रतिष्ठेकडे वळावे. मूर्तीच्या हृदयाला उजवा हात लावून मंत्र म्हटले जातात, तोवर समोर असते ती केवळ घडवलेली माती. आपण देवाला या मातीत ठरावीक दिवसांसाठी येण्याची विनंती करीत असतो, हे मनात ठेवून इथे घाई टाळावी. ध्वनिमुद्रित पूजा लावली असल्यास हा भाग आधी एकदा ऐकून घ्यावा.

त्यानंतरचे षोडशोपचार म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचे आदरातिथ्यच आहे: बसायला आसन, पाय धुवायला पाणी, स्नान, वस्त्र, गंध, फुले, धूप, दीप आणि नैवेद्य. स्नानाच्या वेळी शाडूच्या मूर्तीवर पाणी ओतू नये. फुलाने किंवा दूर्वेने पंचामृताचे थेंब शिंपडावेत आणि अभिषेक करायचा असल्यास तो शेजारी ठेवलेल्या सुपारीवर करावा. दूर्वा एकवीस वाहाव्यात. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा झालेला दाह दूर्वांनी शमला, अशी त्यामागची कथा आहे. एरवी गणपतीला वर्ज्य असलेली तुळस या दिवशीच्या एकवीस पत्रींमध्ये मात्र असते.

मंत्रपुष्पांजलीपूर्वी अनेक घरांत ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे’ ही ऋचा म्हणतात. ती ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील असून मुळात ब्रह्मणस्पती या वैदिक देवतेला उद्देशून आहे. गजमुख गणेशाची उपासना त्यानंतरच्या काळात रूढ झाली. पुण्यात तर घरच्या पूजेला कसब्याच्या ग्रामदैवताची आणि १८९३ च्या सुमारास आकाराला येऊन लोकमान्य टिळकांनी पुढे नेलेल्या सार्वजनिक उत्सवाची जोड मिळाली. तरीही मांडवातील मोठी मूर्ती आणि आपल्या पाटावरची वीतभर मूर्ती यांचा विधी मुळात एकच आहे.

दीड, पाच, सात दिवसांनी, गौरींबरोबर किंवा अनंत चतुर्दशीला, घरच्या रीतीप्रमाणे उत्तरपूजा करावी. आरती झाल्यावर मूर्तीच्या हातावर दही ठेवावे, ‘पुनरागमनाय च’ म्हणत अक्षता वाहाव्यात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवावी. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ या आपल्या हाकेत त्याच शब्दांचा आशय आहे. मुठेच्या काठी जाण्याऐवजी घरीच स्वच्छ बादलीत विसर्जन केले तरी विधीत काही उणे राहत नाही. निर्माल्य आधी वेगळे काढावे, मूर्ती पूर्ण विरघळू द्यावी, वरचे पाणी झाडांना घालावे आणि तळाशी बसलेला शाडू वाळवून पुढच्या मूर्तीसाठी ठेवावा किंवा मूर्तिकाराला परत द्यावा.