नियम बदलला की आधी रेट तपासा : बांधकाम कंत्राटदारीत नव्याने येणाऱ्यांसाठी

सुरक्षेचा नवा नियम आला की कंत्राटदाराच्या ऑफिसात तो कागद बहुतेक वेळा थेट सेफ्टी ऑफिसरच्या टेबलावर जातो. तिथून हेल्मेट, बेल्ट, मास्कची ऑर्डर निघते आणि विषय मिटला असं सगळे धरून चालतात. खरं तर तो कागद सगळ्यात आधी एस्टिमेट करणाऱ्याच्या आणि प्लॅनिंगवाल्याच्या हातात पडायला हवा. साहित्याचा खर्च वाढतो तो थोडा. कामाचा क्रम, गँगमधली माणसं आणि दिवसाचं उत्पादन बदलतं, ते जास्त महागात जातं. ज्युनिअर इंजिनिअर, क्वांटिटी सर्व्हेयर किंवा साइट सुपरवायझर म्हणून येत असाल, तर हा हिशोब लवकर शिकून घ्या.

नियम वाचताना आधी तारखा शोधा. एकाच नियमाला प्रसिद्ध झाल्याची, अंमलात आल्याची आणि प्रत्यक्ष पालन सक्तीचं होण्याची अशा वेगवेगळ्या तारखा असतात. अमेरिकेतल्या 'ओशा'चा (कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था) सिलिका धुळीचा, म्हणजे वाळू-दगड-काँक्रीटमधल्या बारीक धुळीचा, नियम मार्च २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जून २०१६ मध्ये अंमलात आला. बांधकामासाठी पालनाची तारीख आधी जून २०१७ ठरली, मग ती २३ सप्टेंबर २०१७ वर गेली. या मधल्या काळात भरलेल्या टेंडरमध्ये जुनाच रेट लावला असेल, तर काम मात्र नव्या नियमाखाली करावं लागलं.

तारखांनंतर जबाबदारी कुणावर आली ते बघा. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या 'सीडीएम' नियमांनी (बांधकामाच्या डिझाइन आणि व्यवस्थापनातल्या सुरक्षेचे नियम) आधीचं सुरक्षा को-ऑर्डिनेटरचं पद काढून टाकलं आणि डिझाइनच्या टप्प्यावरची जबाबदारी प्रिन्सिपल डिझायनरकडे, म्हणजे मुख्य डिझायनरकडे, दिली. एकच कंत्राटदार असलेल्या छोट्या कामालाही लेखी कन्स्ट्रक्शन फेज प्लॅन (काम सुरक्षित कसं करणार याचा आराखडा) लागू लागला. घरदुरुस्ती करणाऱ्या लहान कंत्राटदारासाठी हा मोठा बदल होता. नियम किती कडक आहे यापेक्षा 'आता आपणही यात येतो' हे लक्षात न आल्यामुळे लहान मंडळी जास्त अडकतात.

आता आकडा बदलला की साइटवर काय होतं ते सिलिकाच्याच उदाहरणाने पाहू. काँक्रीट, वीट, दगड कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणून आठ तासांच्या सरासरीने हवेत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आली. प्रत्येक कामावर हवा मोजत बसणं कंत्राटदाराला झेपणारं नाही, त्यामुळे नियमात एक तक्ता दिला आहे : अमुक हत्यार, त्याला अमुक धूळनियंत्रण, इतक्या तासांनंतर मास्क. तक्ता तंतोतंत पाळला की मोजमाप लागत नाही. अर्धवट पाळला की ही सूट जाते.

भिंतीत झिऱ्या पाडायला किंवा काँक्रीट घासायला वापरतो तो ग्राइंडर घ्या. तक्त्याप्रमाणे त्याला चाकाभोवती झाकण आणि व्हॅक्युम हवा. व्हॅक्युमची ओढ चाकाच्या व्यासाच्या दर इंचाला मिनिटाला किमान २५ घनफूट, आणि फिल्टर किमान ९९ टक्के कार्यक्षम. म्हणजे ५ इंची चाकाला १२५ घनफूट, ताशी सुमारे २१२ घनमीटर. साधा सफाईचा व्हॅक्युम इथे बहुधा कमी पडतो. शिवाय पेटीवर छापलेली ओढ ही मोकळ्या तोंडाची असते. लांब होज लावला, फिल्टरवर धुळीचा थर बसला की ती झपाट्याने उतरते. त्यासाठीच तक्त्यात सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ आधीच वेगळी करणारा भाग) किंवा फिल्टर आपोआप झटकणारी यंत्रणा मागितली आहे. गँगला व्हॅक्युम दिला पण फिल्टर कधी साफ करायचा हे कुणाच्या कामात लिहिलं नाही, तर लवकरच झाकणाच्या कडेने धूळ उडायला लागते. तपासणीत तीच दिसते.

पाणी मारून कापायचं ठरवलं तर धूळ कमी, पण चिखल येतो. तो तसाच वाळू दिला की पायाखाली पुन्हा धूळ होते, म्हणून ओला असतानाच उचलायचा. कोरडा झाडू किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून सफाई करण्यावरही या नियमाने बंधन आणलं. विजेच्या हत्याराजवळ पाणी आलं, म्हणून वीज गळताच पुरवठा तोडणारं अर्थ लीकेज संरक्षणही लागलं. रेटमध्ये ब्लेड आणि मजुरी धरली होती. आता पाणी, सफाईचा माणूस, चिखलाची विल्हेवाट हे सगळं त्यात येतं.

तासांची मोजणी आणखी फसवी आहे. उघड्यावर ब्रेकर (काँक्रीट फोडायचं हत्यार) किंवा हातातला काँक्रीट सॉ पाण्यासह चार तासांपर्यंत चालवला तर मास्क लागत नाही, त्याहून जास्त झाल्यास लागतो. पण एकाच माणसाने अडीच तास ब्रेकर आणि दोन तास सॉ चालवला तर बेरीज साडेचार तास होते आणि दोन्ही कामांना मास्क लागतो. वर्षात ३० किंवा अधिक दिवस असा मास्क लावावा लागणाऱ्या कामगाराची वैद्यकीय तपासणी करून देणं मालकावर येतं. म्हणून हजेरीच्या वहीत नावापुढे हत्यार आणि तास लिहायची सवय मुकादमाला लावा. चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मास्कची फिट टेस्ट लागते, आणि दाढीवर तो घट्ट बसत नाही. हे काम सुरू होण्याआधी माणसाशी नीट बोलून ठरवा. ऐनवेळी गेटवर अडवलं तर त्याचा दिवस बुडतो आणि तुमची गँग मोडते.

उंचीवरच्या कामात नियम बदलला की हार्नेस (अंगावर घालायचा सुरक्षा बेल्ट) वाटून मोकळं होण्याचा मोह फार असतो. इथे एक बेरीज पाठ असू द्या. २ मीटर लॅनयार्ड (बेल्टला जोडलेला दोर), झटका शोषणारा शॉक अॅब्झॉर्बर उघडल्यावर १.७५ मीटरपर्यंत, पाठीच्या रिंगपासून तळपायापर्यंत सुमारे १.५ मीटर, वर १ मीटर राखीव. एकूण ६.२५ मीटर, आणि हे अंतर अँकरपासून (दोराचा हुक अडकवतो त्या जागेपासून) खाली मोकळं हवं. मजल्याची उंची ३ मीटर असेल आणि माणूस पायाजवळच्या सळईला हुक अडकवून उभा असेल, तर बेल्ट ताणून थांबायच्या आधीच तो खालच्या स्लॅबवर आदळेल. अँकर डोक्यावर, २ मीटर उंच घेतला तरी स्लॅबखाली ४.२५ मीटर लागतात. कागदावर नियम पाळलेला, माणूस मात्र बचावत नाही. याहून वाईट पालन नाही.

म्हणून आधी कठडा, मग जाळी, आणि बेल्ट शेवटी. कठड्याचे खांब बसवायचे सॉकेट (खाचा) स्लॅब भरण्याआधी शटरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या साच्यात, ठेवावे लागतात. भरून झाल्यावर ड्रिल मारत बसलात की वेळही जातो आणि वर पाहिलेली सिलिकाची धूळही उडते. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनी आधीची २ मीटरची उंबरठा-उंची काढून टाकली, तेव्हा घोड्यावर उभं राहून केलेलं प्लास्टरही 'उंचीवरचं काम' झालं. परांचीचा आराखडा, कठडे, पुढच्या ट्रेडला जागा ताब्यात देण्याची तारीख, सगळा बार चार्ट (कामाचं वेळापत्रक) नव्याने मांडावा लागतो.

आता पैसे कोण देणार? करारातली बेस डेट, म्हणजे ज्या तारखेचे कायदे धरून रेट दिला असं मानतात ती तारीख, शोधा. 'फिडिक' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या लाल पुस्तकात (बांधकाम कराराच्या नमुना अटी) ती टेंडर भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या २८ दिवस आधीची असते. तिच्यानंतर कायदा बदलला तर कलम १३.७ खाली मुदतवाढ आणि खर्च मागता येतो, नफा नाही. सूचना मात्र बदल कळल्यापासून, किंवा कळायला हवा होता तेव्हापासून, २८ दिवसांत लेखी द्यावी लागते. ती चुकली की पुढचा सगळा हिशोब वाया. बेस डेटच्या आधीच प्रसिद्ध झालेला आणि नंतर अंमलात येणारा नियम दाव्यात बहुधा टिकत नाही. तो टेंडरच्या रेटमध्येच धरायचा. करारात असं कलमच नसेल तर टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये प्रश्न लेखी विचारा.

दावा टिकतो तो नोंदींवर. बदलाआधीचे आणि नंतरचे रोजचे रिपोर्ट एकाच पद्धतीने ठेवा : किती माणसं, किती तास, किती रनिंग मीटर. 'सुरक्षेमुळे काम मंदावलं' या वाक्याला कुणी पैसे देत नाही.

पेटी कंत्राटदाराच्या (मुख्य कंत्राटदाराकडून कामाचा भाग घेणाऱ्याच्या) वर्क ऑर्डरमध्ये 'सर्व सुरक्षा नियम पाळावेत' एवढी एक ओळ टाकून मुख्य कंत्राटदार सुटत नाही. व्हॅक्युम कुणाचा, फिल्टर कोण बदलणार, कठडा काढला तर परत कोण लावणार, त्या वेळेचे पैसे कोण देणार, हे नावानिशी लिहा. सगळ्यात स्वस्त रेट देणाऱ्याने यातलं काय धरलेलं नाही, ते ऑर्डर देण्याआधी त्याच्यासमोर बसून ओळीओळीने विचारा.