पोर्क टेंडरलॉइन कोरडं पडतंय? मटणाच्या सवयी बाजूला ठेवा

अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा मसाला लावलेलं पोर्क टेंडरलॉइन घरी आणलं आणि हात आपोआप कुकरकडे गेला. मटणाला करतो तशा पाच शिट्ट्या केल्या. निघाले ते कोरडे दोरे, रस्सा ओतून ओतून गिळावे लागले.

मटणाचा खांदा-मांडी म्हणजे जनावराचे राबणारे स्नायू. त्यांत कोलॅजन भरपूर असतं, ते सावकाश विरघळतं, म्हणून जास्त शिजवलं की मांस मऊ होतं. टेंडरलॉइन पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला, जवळपास आरामात असलेला स्नायू. (गोमांसातल्या याच भागाला मुंबई-गोव्यात अंडरकट म्हणतात.) त्यात चरबी नावापुरती, विरघळायला कोलॅजनही नावापुरतंच. जास्त शिजवलं की फक्त पाणी पिळून निघतं.

आणि आपण जास्त शिजवतो ते भीतीपोटी. डुकराचं मांस म्हणजे पार शिजलंच पाहिजे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 साली अखंड तुकड्यांसाठी सांगितलेलं तापमान 71 अंश सेल्सिअसवरून 63 वर आणलं, वर तीन मिनिटं मुरू द्यायची अट घातली. या तापमानाला मधोमध फिकट गुलाबी छटा राहते. ते कच्चेपण नव्हे. मात्र खिम्याला 71 अंशच हवेत. आणि भारतात, डुक्कर कुठे, काय खाऊन वाढलं हे माहीत नसेल, तर गुलाबीच्या नादी लागू नका, पूर्ण शिजवा.

थर्मामीटर घ्याच. साधा डिजिटलही चालतो. सळई वरून खुपसायची नाही, टोकाकडून आडवी घालून सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत न्यायची. काटा 60-61 वर आला की बाहेर काढा. उरलेले दोन-तीन अंश आतल्या उष्णतेने चढतात, पण कापण्याआधी 63 झालेत ना, ते बघा. 220 अंशांच्या ओव्हनमध्ये साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका.

दुकानातला घोळ वेगळाच. 'पोर्क लॉइन' आणि 'पोर्क टेंडरलॉइन' शेजारीशेजारी ठेवलेले असतात. लॉइन रुंद, वर चरबीचा थर असलेला. टेंडरलॉइन लांबट, मनगटाएवढं, अर्धा-पाऊण किलोचं. एकाच्या कृतीने दुसरं शिजवलं की वेळेचं गणित कोलमडतं. कित्येकदा एका पाकिटात दोन तुकडे असतात, तेही पाहून घ्या.

मसाला लावूनच विकतात त्या टेंडरलॉइनमध्ये मीठ आधीच मुरवलेलं असतं, बऱ्याचदा मिठाचं पाणीही टोचलेलं असतं. त्यावर आपला मसाला आणि सवयीने मीठ घातलं की संपलं. मी एकदा मालवणी मसाला लावला होता, त्यातही मीठ होतं. पाहुण्यांनी पाणी भरपूर प्यायलं, एवढंच सांगते.

साधा तुकडा घेतलात तर चंदेरी पापुद्रा सुरीने सोलून काढा, तो शिजत नाही, आक्रसतो आणि मांस वाकडं करतो. दही किंवा व्हिनेगर तासाभरापेक्षा जास्त नको. विंदालूचं मांस रात्रभर व्हिनेगरमध्ये राहू शकतं, कारण ते राबणाऱ्या स्नायूंचं, चरबीवालं असतं. टेंडरलॉइन मात्र पिठूळ होतं. पपई तर नकोच, मऊ करायला आहे काय या तुकड्यात?

ओव्हनआधी रंग आणायला तव्यावर टाकाल, तर त्याआधी कागदाने टिपून कोरडं करा, ओलं असेल तर रंग न येता उकडतं. शेपटाकडचा निमुळता भाग खाली दुमडून दोऱ्याने बांधा, नाहीतर तो आधी वाळतो. मध किंवा गूळ असलेला लेप शेवटच्या पाच मिनिटांतच, आधी लावला तर जळून कडू होतो.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग धाग्यांना आडवं, बोटभर जाडीचे काप. ताटलीत साठलेला रस टाकू नका, त्यात लिंबू पिळून वरून ओता.