मिग-२१ चे मॉडेल: पावसाळ्यात जोडणी, दसऱ्यानंतर रंग

ठाण्यात लढाऊ जेट विमानाचे प्लास्टिक मॉडेल बांधायला घेणाऱ्याने किटमधले सूचनापत्रक उघडण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. जून ते सप्टेंबर या काळात येथील हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि अशा हवेत फवारलेला लॅकर, म्हणजे थिनरमध्ये मिसळलेला झटपट वाळणारा रंग हमखास बिघडतो. कापणे, घासणे, चिकटवणे आणि भेगा भरणे या कामांना मात्र पावसाची अडचण होत नाही. म्हणून आषाढापासून नवरात्रापर्यंत जोडणी आणि दसऱ्यानंतर रंगकाम, अशी विभागणी मी पाळत आलो आहे. येथे उदाहरणासाठी १/४८ प्रमाणातील मिग-२१ बिस घेतले आहे, कारण नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बांधले गेलेले हे विमान आपल्याला सर्वांत जवळचे आहे.

मिग-२१ या नावाखाली बरीच वेगवेगळी विमाने येतात, त्यामुळे कोणते विमान आणि कोणत्या काळातले, हे आधी ठरवावे. आपल्या हवाई दलाने १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला झालेल्या निरोपापर्यंत या विमानाचे अनेक प्रकार वापरले. १९७१ च्या युद्धातल्या एफएल प्रकाराची पाठ सडपातळ होती आणि हवेचा वेग मोजणारी पुढची लांब नळी नाकाच्या वर मधोमध होती. बिसची पाठ फुगीर असून ती नळी उजवीकडे सरकलेली आहे. सुधारित बायसन प्रकारात वैमानिकासमोरची काच चौकटीविना, एकसंध झाली. बिसच्या किटवर केवळ बायसनचे रंग आणि क्रमांक चढवले, तर जाणकाराची नजर सर्वांत आधी त्या काचेच्या चौकटीवर जाते. निवडलेल्या एकाच विमानाची पाच-सहा स्पष्ट छायाचित्रे जमवून ती कामाच्या टेबलासमोर लावावीत आणि सूचनापत्रक व छायाचित्र यांत मतभेद झाला, तर छायाचित्राचे ऐकावे.

प्रमाणाचा हिशेब सतत डोक्यात हवा. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. तो १/४८ मध्ये सुमारे १५ सेंटिमीटर आणि १/७२ मध्ये १० सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो. मॉडेलवर अर्धा मिलिमीटर राहिलेली फट म्हणजे खऱ्या विमानात २४ मिलिमीटरची, अर्थात बोट जाईल एवढी फट होय. हे गणित मनात असले की कुठे घासत बसायचे आणि कुठे सोडून द्यायचे, हे आपोआप कळते.

सुटे भाग सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळू द्यावेत, कारण साच्यातून निघताना लागलेला तेलकट थर राहिला, तर रंग सुटतो. भाग फ्रेमपासून तोडताना कटर थोडा दूर चालवावा आणि उरलेला खुंट नंतर पात्याने व पॉलिश पेपरने काढावा. गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच जुळवून पाहण्याची सवय लागली, की पुढचे निम्मे पुट्टीकाम वाचते.

कॉकपिटला मात्र पावसाळ्याच्या नियमातून सूट द्यावी लागते, कारण धड बंद करण्याआधी तो रंगवावाच लागतो. सोव्हिएत बनावटीच्या या विमानांचा कॉकपिट हिरवट निळ्या, काहीशा पिरोजी रंगाचा असतो. एवढ्याशा भागासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग ब्रशने दोन-तीन पातळ थरांत दिले की पुरते. उपकरणांच्या फळ्या काळ्या ठेवून उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा ब्रश फिरवावा आणि प्रत्येक तबकडीवर चकचकीत वार्निशचा एकेक थेंब सोडावा. तो काचेचा भास देतो. आसनाचे पट्टे हे कॉकपिटमधले सर्वांत बोलके अंग आहे. किटमध्ये धातूच्या पत्र्याचे पट्टे असतील, तर ते मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून मऊ करावेत, म्हणजे ते आसनावर अंग टाकल्यासारखे बसतात. हा धातू प्लास्टिकच्या गोंदाने चिकटत नाही. त्याला फेविक्विकसारखा गोंद टाचणीच्या टोकाने लावावा.

धडाच्या दोन बाजू जोडण्याआधी नाकात वजन भरावे. मिग-२१ ची मुख्य चाके मागे सरकवलेली नाहीत आणि शेपटीकडे प्लास्टिक बरेच आहे, म्हणून वजन नसलेले मॉडेल शेपटीवर बसते. माझे पहिले मॉडेल असेच कपाटात नाक वर करून बसले होते आणि घरच्यांना ते उड्डाणाच्या पवित्र्यातले वाटत होते. मी दुरुस्ती सांगायला गेलो नाही. जाळ्याला लावायचे शिसे चेंदणी कोळीवाड्याच्या परिसरात मासेमारीचे सामान विकणाऱ्याकडे मागून पाहावे. सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते बांधून, चाकांच्या जागी बोटांचा आधार देऊन, नाक खाली झुकेपर्यंत शिसे वाढवत न्यावे आणि वर थोडे जास्तीचे घालावे. ते बसवायला फेविकॉल अजिबात वापरू नये. पांढऱ्या गोंदाच्या सान्निध्यात शिशाची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन ते फुगते आणि काही वर्षांनी बंद धड आतून तडकू शकते. एमसील किंवा दोन भागांचा इपॉक्सी गोंद येथे योग्य ठरतो. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

धड जोडताना दोन्ही बाजू घट्ट धरून सांध्यावर पातळ गोंदाचा ब्रश नुसता टेकवावा. गोंद केशाकर्षणाने स्वतःच फटीतून धावतो आणि प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. मग हलके दाबावे, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ही कड दोन दिवस वाळू दिल्यावर घासली, तर बहुतेक ठिकाणी पुट्टी लागत नाही. पंख बसवल्यावर मॉडेल समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे: मिगचे त्रिकोणी पंख किंचित खाली झुकलेले असतात आणि दोन्हींचा झुकाव सारखा हवा. ४०० पासून १००० क्रमांकापर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमाने फिरवावा आणि घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेल रेषा (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या खाचा) जाड चिकटपट्टीच्या कडेने सुईच्या टोकाने पुन्हा कोराव्यात.

दसरा झाला की एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन, काढावा. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो; दमट हवेत त्या थंड थरावर सूक्ष्म दव धरते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. एका जुलैत घाई करून मी चंदेरी रंग मारला आणि संपूर्ण शेपूट पिठात बुडवल्यासारखी दिसू लागली. ती उतरवून पुन्हा रंगवण्यात आठवडा गेला. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टेबलावर ठेवावा, तो ६५ च्या खाली आल्याशिवाय लॅकर उघडू नये, आणि कम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा बारमाही असू द्यावा. हिवाळ्यात दवाची जागा धूळ घेते. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. रंगवण्याआधी खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि रंगवलेले मॉडेल उपड्या डब्याखाली वाळू द्यावे. फवारणी खिडकीशी, एक्झॉस्ट पंखा लावून आणि रासायनिक वाफा शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क घालून करावी; कापडी मास्क येथे कामाचा नाही.

प्रथम राखाडी प्रायमर द्यावा, कारण सांध्यांतले उरलेसुरले दोष तोच उघडे पाडतो. त्यानंतर मुख्य रंग १५ ते २० पीएसआय दाबाने पातळ थरांत चढवावा. डबीतला रंग थोडा पांढऱ्याने फिकट करावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग डोळ्याला अधिक गडद भासतो. शेपटीकडे इंजिनाभोवतीचा भाग उघड्या धातूचा असतो आणि उष्णतेने त्यावर पिवळसर, तपकिरी आणि निळसर झाक येते. हे पट्टे पारदर्शक रंगांच्या अगदी विरळ फवाऱ्यांनी आणावेत. मला या कामातला हा सर्वांत आनंदाचा तास वाटतो, आणि अतिरेकही येथेच होतो.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे व क्रमांक, लावण्याआधी संपूर्ण मॉडेलला चकचकीत वार्निश द्यावे. खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. आपल्या हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. हिरव्या ठिपक्याचे केंद्र पॅनेल रेषांशी जुळवून छायाचित्राबरहुकूम बसवावे. मग पातळ केलेला गडद तेलरंग रेषांत सोडून कोरड्या फडक्याने हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, पुसून घ्यावा.

कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, शेवटी आणि पांढऱ्या गोंदानेच चिकटवावी, कारण फेविक्विकच्या वाफेने काच धुरकट होते. नाकावरची लांब नळी प्लास्टिकची ठेवली तर ती बाहीत अडकून मोडणारच. इंजेक्शनच्या न वापरलेल्या सुईचे टोक घासून तिच्या जागी बसवावे, आणि तेही मॉडेल कपाटात जाण्याच्या दिवशी.