इंग्रजी स्लँग कळत नाही असं नाही, उलटंच कळतं! या चुका टाळा

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात एक्सपोर्टचे मेल बघतो, बारा वर्षं झाली. मराठी मीडियमचा आहे, ग्रामर बऱ्यापैकी येतं, पण ग्रामरनं माझी कधी फजिती केली नाही, केली ती साध्यासुध्या दोन-तीन शब्दांनी. त्यातल्या काही इथं लिहितो, तुमच्या पोरांना इंटरव्ह्यूला नाहीतर परदेशातल्या क्लायंटशी बोलताना उपयोगी पडतील.

सगळ्यात पहिली म्हणजे "आय एम गुड". इंग्लंडहून एका बायरचा माणूस आला होता, आम्ही त्याला कडक भाकरी, शेंगा चटणी, दही असं जेवायला बसवलं. मी विचारलं अजून एक भाकरी? तो म्हणाला, "आय एम गुड". मला वाटलं मजेत जेवतोय, वाढली. परत विचारलं, परत तेच, परत वाढली. तिसऱ्या वेळी त्यानं ताटावर आडवा हात धरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काही देऊ का असं विचारल्यावर "आय एम गुड" किंवा "आय एम फाइन" आलं तर त्याचा अर्थ "नको, बास". आपल्याकडं पाहुणा नको म्हणला तरी वाढायचीच पद्धत, त्यामुळं बिचाऱ्याच्या पोटावर दोन्हीकडून मार!

त्याच माणसानं सकाळी कारखान्यात शिरताना "यू ऑलराइट?" विचारलं. मी गुडघेदुखीपासून सुरुवात केली. ब्रिटिश लोक हे नुसतं नमस्कारासारखं म्हणतात, आपण "काय, बरं हाय का?" म्हणतो तसं, त्याला उत्तर म्हणून शुगरचा रिपोर्ट वाचून दाखवायचा नसतो. "यस, यू?" म्हणायचं आणि पुढं चालू लागायचं.

वेळेचा घोळ तर विचारूच नका. फोनवर म्हणाला "पिक मी अप ॲट हाफ सेव्हन". मी मनात हिशेब केला, सातला अर्धा कमी म्हणजे साडेसहा, आणि हॉटेलच्या खाली एक तास गाडीत बसलो. ब्रिटनमध्ये हाफ सेव्हन म्हणजे हाफ पास्ट सेव्हन, साडेसात. आणि गंमत बघा, जर्मन भाषेत असंच म्हणलं की ते साडेसहाच होतं, म्हणजे जर्मन बायर इंग्रजीत तसं बोलला तर माझा हिशेब बरोबर निघाला असता. तेव्हापासून मी कुणाचंही ऐकून घेतो आणि लगेच व्हॉट्सॲपवर आकड्यात टाकतो, 7:30, ओके?

डिक्शनरीतला पहिला अर्थ धरून बसणं

बायरसोबत एक तरुण डिझायनर पोरगी होती, जॅकार्डचं नवीन सॅम्पल हातात घेऊन म्हणाली "दिस इज सिक!" मी लगेच सॉरी मॅडम, दुसरं दाखवतो. ती म्हणते नो नो, आय लव्ह इट. तरुण पोरांच्या तोंडी सिक म्हणजे भारी, एकदम कडक. आपण नाही का एखाद्या पोराला "लई बेक्कार बॅटिंग केली" म्हणतो आणि त्यात कौतुकच असतं, तसंच हे. पण तीच पोरगी "आय फील सिक" म्हणाली असती तर गाडी काढायची, कारण तेव्हा तिला मळमळत असणार. शब्द एकच, पण कशाबद्दल म्हणतेय आणि तोंड कसं केलंय ते बघा.

गोटचंही तसंच. माझी भाची विराटच्या फोटोखाली शेळीचं चित्र टाकते म्हणून तिच्या आजीनं तिला झापलं होतं. ते ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, पहिली अक्षरं घेतली की गोट. बॉक्सर मुहम्मद अलीच्या बायकोनं 1992 मध्ये त्याच्या नावाचे हक्क सांभाळायला कंपनी काढली तिचं नावच हे होतं. "स्पिल द टी" म्हणजे चहा सांडायचा नाही, आतली बातमी सांगायची. "नो कॅप" म्हणजे खोटं नाही बोलत. सॉल्टी म्हणजे चिडलेला, जळका. बास, याच्यापुढची यादी भाचीकडून घ्या, माझ्याकडं पोचेपर्यंत शब्द शिळा झालेला असतो. ऑक्सफर्डनं 2023 चा शब्द म्हणून "रिझ" निवडला (पटवायची कला, आणि काय), तो मी शिकून घरी वापरला तर ती पोट धरून हसली.

अर्थ अंदाजानं लावायची खोड फक्त आपल्यालाच आहे असं समजू नका. डेव्हिड कॅमेरॉन, ब्रिटनचे माजी पंतप्रधान, मेसेजच्या शेवटी एलओएल लिहायचे, त्यांना वाटायचं लॉट्स ऑफ लव्ह. ही गोष्ट 2012 मध्ये तिथल्या चौकशीत साक्षीत बाहेर आली. त्यामुळं कुणी गेल्याच्या मेसेजखाली एलओएल टाकणारे काका तुमच्या ग्रुपवर असतील तर त्यांना हळूच बाजूला घेऊन सांगा, ते "मोठ्यानं हसतोय" असं होतं.

आपलं इंग्रजी तिकडं वेगळं होतं

आता "आय पास्ड आउट इन 2019". आपल्याकडं याचा अर्थ डिग्री झाली, अमेरिकन माणसाला ऐकू येतं की 2019 मध्ये मी चक्कर येऊन पडलो. ग्रॅज्युएटेड म्हणा. रबर मागायचं असेल तर इरेझर म्हणा, अमेरिकेत रबर म्हणजे निरोध. प्रीपोन आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे, मला स्वतःला हा शब्द आवडतो, पण परदेशी माणूस अडखळतो म्हणून मेलमध्ये "मूव्ह इट अर्लियर" लिहितो. इथं पुणे-मुंबईच्या पार्टीला लिहिताना मात्र बिनधास्त वापरा, चूक नाही ती.

मला महागात पडता पडता राहिला तो "रिव्हर्ट". मी लिहिलं "वी विल रिव्हर्ट ऑन द प्राइस", म्हणजे रेटचं बघून कळवतो. त्यांच्याकडं रिव्हर्टचा नेहमीचा अर्थ पूर्वीच्या जागी परत जाणं. समोरच्यानं थँक्स लिहिलं, त्याला वाटलं आम्ही जुन्याच रेटवर परत आलो! दोन फोन करून निस्तरलं. कळवतो म्हणायचं असेल तर सरळ "रिप्लाय" लिहा. आणि "क्वाइट गुड"वर पेढे वाटू नका, अमेरिकन म्हणाला तर खरंच चांगलं, ब्रिटिश म्हणाला तर बऱ्याचदा "ठीक आहे, चालेल". आमच्या एका सॅम्पलला ब्रिटनमधून क्वाइट गुड आलं, आम्ही खूश, ऑर्डर काही आली नाही.

शिकलं की लगेच वापरणं

ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते. स्लँग कळायला पाहिजे, वापरायलाच पाहिजे असं नाही. आपलं "बे" बघा की. सोलापुरात मित्राला "काय बे, कुठं चाल्लास" म्हणलं तर प्रेम, सासऱ्याला म्हणलं तर संपलंच. तो इंग्लंडचा माणूस लूमवरच्या पोरांकडून बे शिकला आणि जाताना आमच्या सत्तरीतल्या मालकांना "थँक्यू बे" म्हणाला. शेडमध्ये सगळे गप्प, मालक हसले म्हणून निभावलं. आपण बायरला ब्रो, ड्यूड लिहितो तेव्हा तिकडं तसंच होत असणार, फक्त हसणारं तोंड आपल्याला दिसत नाही.

शब्द अडला तर एकटा शब्द शोधू नका, अख्खं वाक्य टाकून शोधा. अर्बन डिक्शनरी 1999 पासून आहे, पण तिथं कुणीही काहीही लिहितं, निम्मं चेष्टेतलं असतं. केंब्रिज किंवा मेरियम-वेबस्टरमध्ये शब्दापुढं इन्फॉर्मल, स्लँग, ऑफेन्सिव्ह असा शिक्का असतो तो आधी वाचा. आणि समोर माणूस बसलेला असेल तर सरळ विचारा, "सॉरी, इज दॅट अ यस ऑर अ नो?" यात कमीपणा काही नाही, दोन भाकऱ्या वाचतात.

राहता राहिला मेसेजमधला अंगठा. तो शब्द नाही पण रोज आपण तोच बोलतो. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याला व्यापाऱ्यानं 86 टन जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवून कन्फर्म कर म्हणलं, त्यानं अंगठा टाकला. माल दिला नाही, तोवर भाव चढले होते. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे फक्त मिळालं, करार मान्य असं नाही. 2023 मध्ये कोर्टानं तो अंगठा म्हणजे सहीच धरली आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. मी ही बातमी वाचली त्या दिवशी आमच्या बायरच्या ग्रुपवर माझेच नऊ अंगठे सापडले. आता "रिसीव्हड, विल चेक अँड कन्फर्म" असं पूर्ण टाइप करतो.