किरकोळ जखमेवर कंबरमोडीचा पाला

युरोपात यारोचा पाला जखमेचे रक्त थांबवण्यासाठी पूर्वापार वापरला जातो. थंड हवेची ही वनस्पती नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणे कठीण, मात्र तिच्याच सूर्यफूल कुळातील कंबरमोडी, म्हणजेच दगडी पाला, इथल्या पडीक जागांवर भरपूर उगवते. लांब दांड्यावरचे एकच फूल, मधोमध पिवळे व कडेला फिकट, आणि खरखरीत दातेरी पाने ही तिची ओळख. विळ्याने बोट कापले की शेतकरी हा पाला चुरगळून रस लावतात. माझ्या मते तो केवळ वरवरच्या खरचटण्यापुरता आणि जखम व पाला दोन्ही स्वच्छ धुतल्यावरच वापरावा. खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेसाठी दवाखाना गाठून धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी दोन्ही वनस्पती टाळाव्यात, कारण तेही याच कुळातले आहे.