जपानमधील एक वर्ष: विषय आधी, विमान नंतर

जपानी भाषेची पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना जपान सरकार एका वर्षाची शिष्यवृत्ती देते. ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना 'निक्केनसेई' म्हणतात. प्रवासखर्च, शुल्कमाफी आणि दरमहा १,१७,००० येन असे या शिष्यवृत्तीचे साधारण स्वरूप आहे. मात्र वर्ष संपल्यावर मायदेशी परतून आपल्याच विद्यापीठात पदवी पूर्ण करायची असल्याने, तीन वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षापर्यंत थांबून चालत नाही.

पुण्यात आपण जुलै-डिसेंबरच्या जेएलपीटीभोवती, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेभोवती, अभ्यास आखतो. त्या परीक्षेत निबंध नसतो, तोंडी परीक्षाही नसते. त्यामुळे तिची एन-२ ही वरून दुसरी पातळी उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही तिथल्या चर्चावर्गात गप्प बसलेला दिसतो. जाण्यापूर्वी रोज अर्धे पान हाताने लिहून ते शिक्षकांकडून तपासून घेणे मला आणखी एका सराव परीक्षेपेक्षा मोलाचे वाटते.

खरी कसोटी वर्षअखेरीच्या जपानी प्रबंधिकेची असते. 'जपानी संस्कृती' असा ऐसपैस विषय घेणारे हिवाळ्यापर्यंत चाचपडत राहतात, म्हणून राहत्या गावात चालत जाऊन पाहता येईल असाच विषय निवडावा. मी कानाझावा शहरात होतो. तिथल्या जुन्या कागा संस्थानच्या माएदा घराण्याने होशो परंपरेच्या नोह या पारंपरिक जपानी गायन-नृत्यनाट्याला आश्रय दिल्यामुळे तिथे ही कला आजही रुजलेली आहे, आणि म्हणून मी विद्यापीठातील नोहच्या मंडळात दाखल झालो. गुरुजी एक ओळ म्हणत, आम्ही ती तशीच म्हणायची. पोथीतील अक्षरांच्या उजवीकडे तिळासारख्या खुणा असतात. स्वर कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा, ते त्या सांगतात. पांढरे ताबी मोजे घातल्याखेरीज रंगमंचावर पाऊल ठेवायचे नाही, हा नियम नवख्यालाही लागू होता. (मांडी घालून बसण्याची सवय तिथे मुळीच कामी येत नाही, गुडघे दुमडून बसताना पायांना मुंग्या यायच्या त्या येतातच.) माझ्या प्रबंधिकेतील निम्मे प्रश्न याच तालमींत सुचले.

घर मिळाल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा आणि तेव्हाच राष्ट्रीय आरोग्य विम्याचे काम उरकावे. मग उपचारखर्चाचा साधारण ३० टक्के भागच आपल्याला भरावा लागतो. परवाना घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते. शिष्यवृत्तीत भागत असल्यास इतके तास घालवू नयेत. करायचेच तर भांडी घासण्यापेक्षा गिऱ्हाइकांशी आदरार्थी जपानीत बोलावे लागेल असे, आणि तेही थोडेच तास करावे.